चौथं शील

माझे वडील दारू पीत नव्हते. हे वाक्य ज्या दिवशी चारचौघांत म्हणायला हवं होतं त्या दिवशी मी म्हटलं नाही, म्हणून आता म्हातारपणी कागदावर लिहून काढते आहे. वाचणाऱ्यानं त्याला उशिरा सुचलेल्या शहाणपणाएवढीच किंमत द्यावी.

बाबा गवंडी होते. केनवडहून तासभर चाललं की आमचं गाव लागायचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि आमच्यासारख्यांना वाशीम म्हणजेच मोठं शहर वाटायचं. दोरीला बांधलेला पितळेचा ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही ते गवंडी पाहतात. बाबा आधी नुसत्या डोळ्यांनी सांगायचे आणि मग ओळंबा सोडायचे, आणि ओळंबा बाबांचंच खरं करायचा. गावच्या शाळेच्या दोन खोल्या त्यांनी बांधल्या. अजून उभ्या आहेत. भिंतींना एक तडा नाही.

चाळिशीला टेकले आणि त्यांचा पाय बिघडला. पाय दुखत नव्हता, लुळाही पडला नव्हता, फक्त हुकत होता. टाकायचा एका जागी आणि पडायचा भलतीकडे. पुढे ते पाय फाकवून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालायला लागले. मग हात थरथरायला लागले. विटेवर थापी ठेवायला जायचे तर थापी विटेच्या शेजारी पडायची. दोन वर्षांत जीभही जड झाली. एकदा बांधकामाच्या परांचीवरून खाली पडले आणि त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. पाय फाकलेले, झोक जातोय, बोलणं अडखळतंय. असा माणूस दिवसाढवळ्या रस्त्यानं जाताना दिसला तर गाव काय म्हणेल? गावानं तेच म्हटलं.

"काय गा मिस्त्री, आज सकायीच?"

बाबा थांबायचे आणि सांगायचे, "मी पेत नाही." पण तेही असं अडखळत की विचारणाऱ्याची खात्रीच पटायची.

छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. माझा जन्म त्याच वर्षीचा. आमच्या विहारात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, दर पौर्णिमेला वंदना व्हायची आणि सगळ्यांनी मिळून पाच शीलं म्हणायची. पहिलं, जीव मारणार नाही. दुसरं, चोरी करणार नाही. तिसरं, व्यभिचार करणार नाही. चौथं, खोटं बोलणार नाही. पाचवं, दारू नि नशापाणी करणार नाही. बाबा पाचही म्हणायचे, पण पाचव्याला त्यांचा आवाज चढायचा. त्याला कारण होतं. त्यांचा बाप, म्हणजे माझा आजा, पिऊन पिऊन नाल्यात पडून मेला असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते. बापाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठी ते त्या मेलेल्या माणसावर जन्मभर चिडून होते.

असा माणूस पितो म्हणून विहाराच्या मंडळाकडे तक्रार गेली. मंडळानं त्यांना पौर्णिमेच्या बैठकीत उभं केलं. एक वयस्क गृहस्थ उठले, बाबांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि वास घेतला. बायकांच्या बाजूला मी आईशेजारी बसले होते. वास आला नाही असं ते म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले त्याचा अर्थ 'आज आला नाही' असाच होता. मला त्या म्हाताऱ्याचं नाक ओढून हातात द्यावंसं वाटलं. मी गप्प बसले. गप्प बसण्याची माझी सवय अशी जुनी आहे.

घरचं झालं थोडं म्हणून की काय, दुसरीही एक गोष्ट होती. दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी घरातला देव्हारा उचलून पैनगंगेत सोडला होता. त्यात टाक होते. टाक म्हणजे पितळेच्या पत्र्यावर ठोकून काढलेल्या आकृत्या, बोटभर उंचीच्या. काही देवांच्या असायच्या, आणि अकाली मेलेल्या माणसांच्याही, म्हणजे ती माणसं मागं राहून त्रास देणार नाहीत. बाबांनी सगळे एका फडक्यात बांधून धारेत टाकले. वीस वर्षं झाली तरी गावातली इतर माणसं ते विसरली नव्हती. विहिरीवर आईला ऐकवायची, "देव बुडवले ना, आता देव याले बुडवून राह्यले."

म्हणजे आमच्या लोकांच्या लेखी बाबा दारुडे, आणि इतरांच्या लेखी देवानं शिक्षा दिलेले. बाबांना आयुष्यात एकच गोष्ट हवी उरली होती. शिकल्यासवरल्या कुणीतरी गावासमोर उभं राहून सांगावं, की हा माणूस पीत नाही आणि ह्याच्यावर कसला कोप नाही. पाय बरा करून द्या असं त्यांनी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तेव्हा मी वाशीमला डी.एड. करत होते. तिथल्या एका डॉक्टरांनी बाबांना पाहिलं, हातोडीनं गुडघे ठोकले आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. अकोल्यापर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे असं करत मी बाबांना घेऊन गेले. अकोल्याच्या स्टेशनावर हवालदारानं त्यांना काठीनं बाजूला सारलं. पिऊन आलाय, म्हणाला.

नागपूरचे डॉक्टर पन्नाशीचे असतील. त्यांनी जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि बाबांना तिच्यावरून चालायला सांगितलं. बाबांचा एकही पाय रेघेवर पडला नाही. जन्मभर ओळंबा धरलेला माणूस, त्या रेघेकडे बघत उभा राहिला. मग डॉक्टरांनी टेबलाशी बसवून विचारलं, "दारू?"

"पंचशील घेतेल मानूस हाओ मी," बाबा म्हणाले.

"नक्की? मला हे स्पष्ट कळायला हवं," असं म्हणून डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. लहान मेंदू झिजला की माणूस असा चालतो. दारूनं तो झिजतो, आणि काही घराण्यांत दारूशिवायही झिजतो, तिथं हा आजार बापाकडून किंवा आईकडून पोरांकडे येतो. अशी घराणी फार थोडी. एकट्या नागपूरच्या डॉक्टरला ती पुरेशी सापडणार नाहीत, एकट्या मुंबईच्याही नाही. म्हणून दोन्हीकडच्यांनी मिळून काम धरलं होतं. घरं शोधायची, गावी जाऊन सगळ्यांना तपासायचं, रक्त घ्यायचं, वंशावळ मांडायची. आणि दोघांनी मिळून एक नियम केला होता. ज्याच्या दारूबद्दल जरा जरी शंका असेल तो यादीतून बाद, आणि जिवंत, तपासलेला रुग्ण नसेल तर ते घरच बाद, कारण मेलेल्यांच्या नुसत्या गोष्टी पुरावा म्हणून चालत नाहीत.

"तुमच्या घरात आधी कुणाला होतं असं?" त्यांनी विचारलं.

"नाही सायेब. मव्हा बाप दारूनं मेला."

"दारूनं मेला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबा म्हणाले, "सारेच म्हन्तात." डॉक्टर बाबांच्या पायांकडे बघत राहिले. तेव्हा बाबांच्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला असावा. घरात जुनं जाणतं कुणी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. होती. बाबांची थोरली बहीण, इंझोरीला दिलेली. बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणजे बाप गेला तेव्हा तिला सगळं कळत होतं.

परतीच्या गाडीत बाबा बोलत होते. कित्येक महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. छप्पनच्या आधीपासून हे घरात असलं तर देवांचा काय संबंध? आणि बापाला हेच असलं तर बापही पीत नव्हता, तोही आजारीच होता! "मंग मी त्याले उगीच शिव्या देल्ल्या ना व," ते म्हणाले आणि डब्यात सगळ्यांसमोर रडले. मीही खूश होते. मी एवढी शिकलेली, पण ह्या सुटकेची दुसरी बाजू माझ्या डोक्यात आली नाही. आपलीच खोड आपल्याला दिसत नाही ती अशी.

डॉक्टरांचं कार्ड आलं. ते आणि मुंबईच्या डॉक्टरीणबाई अमुक दिवशी येतील, सगळ्यांना शाळेत जमवा. मी इंझोरीला पत्र टाकलं आणि आत्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं आली. आईनं चहा ठेवला. बाबांनी तिला पाणीही पिऊ दिलं नाही.

"बाई, खरं सांग. आपला बाप पेये का?"

आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "नाही रे भाऊ. थेंबबी नाही. तुह्यासारखाच झाला होता. अस्साच चाले, हात असे धरून."

"मंग सारे काहून म्हनत होते?"

"आपली माय म्हने, पेते म्हना. कोनी इचारलं तं पेते म्हना. माह्यं लगन व्हायाचं होतं ना तवा. माय म्हने, पेनाऱ्याच्या पोरीले नवरा भेटते, अशा रक्ताच्या पोरीले कोन करते? मले तिनं शपथ घातली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हने."

बाबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. ते थरथरत होते, पण चेहरा मात्र असा उजळला होता की मी तो विसरले नाही. चाळीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो बाप त्यांना परत मिळाला होता. आत्या लग्नाचं काय म्हणाली त्याकडे आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं. आईचं असावं, कारण ती चहा गाळता गाळता थांबली होती. वाशीमच्या कोर्टात कारकून असलेल्या एका मुलाकडची माणसं महिन्याभरापूर्वी मला बघून गेली होती आणि त्यांची पसंती आली होती. लग्न विहारात करायचं ठरत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती. डॉक्टर जीपनं आले. सोबत बर्फानं भरलेली पेटी आणि काचेच्या नळ्या. बाबांचं रक्त घेतलं, माझं घेतलं, नळ्यांवर चिकटपट्टीनं आकडे लावले. खिडक्यांत गाव उभं होतं. विहाराच्या मंडळातले झाडून सगळे, तो वास घेणारा म्हातारासुद्धा. देव बुडाल्याचं सांगणाऱ्या बायकाही आल्या होत्या. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि भिंतीला पाठ लावून ते बसले होते. ती भिंत त्यांनीच बांधलेली होती.

मुंबईच्या बाई फळ्याजवळ गेल्या आणि मला म्हणाल्या, तुझं अक्षर चांगलं असेल, तू मांड. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी असेल तर आतून भरून टाक. नवराबायकोमध्ये आडवी रेघ, आणि तिथून खाली पोरं. मला त्याचा अभिमानच वाटला. मास्तरीण होणार होते ना मी!

डॉक्टर आत्याला विचारत होते, पण आत्याला तसं सांगता येईना. पणजा, चुलत आजा, कोण कुणाचा कोण, तिची गाडी अडायची. मग ती एकदम म्हणाली, "थांबा, मी टाकाईवरून सांगतो." लहानपणी दसऱ्याच्या आधी देव्हाऱ्यातले टाक चिंचेनं घासायचं काम तिच्याकडे होतं. डोळे मिटून ती हातांनी घासल्यासारखं करायला लागली. हा देवाचा, हाही देवाचा. हा आजा, तो गोठ्यातून घरापर्यंत येता येता पडायचा. हा चुलता, केनवडला राहायला गेला तो, त्याला शेवटी भाकर तोंडात नेता येत नव्हती. हा बाप.

तेव्हा मला कळलं, बाबांनी त्या फडक्यात बांधून पैनगंगेत काय सोडलं होतं ते. आमच्या घरात कुणी लिहिणारं नव्हतं. ह्या आजारानं गेलेल्यांची आमच्याकडे एवढीच नोंद होती, पितळेची, आणि ती बाबांनी स्वतःच्या हातांनी बुडवली. देव बुडवले त्याचं मला आजही काही वाटत नाही. माणसंही त्यांच्याबरोबर गेली.

मी एकेक चौकोन काढून भरत गेले. पणजा भरला. आजा भरला. केनवडचा चुलत आजा भरला. आजाच्या खाली आत्याचं वर्तुळ रिकामं, आणि बाबांचा चौकोन भरला. खडू संपत आला. डॉक्टर मागे सरकून फळा बघत राहिले आणि मग खिडक्यांकडे वळले. "ऐका सगळ्यांनी," ते म्हणाले. "हा माणूस दारू पीत नाही. हा आजार आहे, ह्यांच्या आज्यापासून आलेला. ह्यात देवाचा काही संबंध नाही आणि ह्यांची काही चूक नाही."

झालं. हेच बाबांना हवं होतं. अगदी ह्याच शब्दांत. बाबांनी वास घेणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि म्हाताऱ्यानं मान खाली घातली. बाबा हसले. मोजून दोन मिनिटं माझे वडील गावासमोर निर्दोष होते.

आणि मग मी, शहाणी मी, फळ्यावर एक वर्तुळ रिकामं पाहिलं. बाबांच्या खालचं, एकच. ते मीच काढलं होतं, आणि काढताना माझ्या लक्षात आलं नव्हतं की ती मी आहे. हातात खडू होता. मी विचारलं, "सर, आणि हे? हे भरायचं की रिकामं ठेवायचं?"

एवढा मोठा डॉक्टर, पण त्यांना कळायला हवं होतं की खिडकीत माणसं आहेत. त्यांनी मला विद्यार्थिनीला सांगावं तसं सांगितलं. "ते आत्ताच सांगता येत नाही. चाळिशीपर्यंत कळत नाही. शक्यता निम्मी निम्मी. तुझ्या मुलांचंही मग त्यावर अवलंबून." मुंबईच्या बाईंनी माझ्या हातातून खडू घेतला आणि माझ्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढलं.

खिडकीतल्या एका बाईनं कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आत्ताच पडणार आहे. आई दाराशी बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी फळ्याला टेकून उभी राहिले. उभी राहताना मला पहिल्यांदा माझ्या पायांची भीती वाटली, आणि ती पुढे वीस वर्षं गेली नाही.

बाबा उठले. उठायला त्यांना वेळ लागायचा. आधी भिंत धरायची, मग एक गुडघा, मग दुसरा. सगळे थांबले.

"सायेब," ते म्हणाले, "मी लबाड बोललो."

डॉक्टरांना कळेना.

"मी पेतो. नागपूरले तुमाले लबाड सांगितलं. मी रोज पेतो. पोरगी झाली तवापासून पेतो. मव्हा बापबी पेये. हे बाई म्हातारी झाली, तिले काय याद राह्यते!"

असं म्हणताना त्यांची जीभ इतकी अडखळत होती की खिडकीत कुणाला शंका राहिली नसेल. डॉक्टर आत्याकडे वळले. आत्या बाबांकडे बघत होती. काल चुलीजवळ आपणच ह्याला काय शिकवून बसलो, ते तिला तेव्हा उमगलं असावं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "हो. पेते तो. मीच इसरली."

"हे खरं नाही," नागपूरचे डॉक्टर हळूच म्हणाले. मुंबईच्या बाई म्हणाल्या, खरं असो वा नसो, शंका आली, नियम आपण दोघांनी मिळूनच केलाय. दोघं थोडा वेळ इंग्रजीत बोलले. मग डॉक्टर माझ्याजवळ आले. पाठीवरून हात फिरवावा तशा मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, तू शिकलेली आहेस. हे काम पुढं तुझ्याच उपयोगाचं आहे, केनवडच्या तुझ्या चुलत घराच्याही उपयोगाचं आहे. तू सांग. तुझे वडील पितात का?"

मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ते मागत होते, त्यांच्या डोळ्यांत मला ते स्वच्छ दिसत होतं. पण आता इथं तरी मी खोटं का लिहू? मी त्यांच्याकडे पाहिलं ते एक क्षण. त्यानंतर मी खिडकीकडे पाहिलं, आणि मला वाशीमची ती माणसं आठवली, पसंती कळवणारी.

"पितात," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. मुंबईच्या बाईंनी बाबांच्या आणि माझ्या नळीवरच्या चिकटपट्ट्या सोलून काढल्या. त्या माझ्या समोर बाकावर पडल्या होत्या, आकडे वर करून. मला डस्टर देऊन कुणीतरी फळा पुसायला सांगितला, की मी आपणहून पुसला, ते आता नक्की सांगता येत नाही. पणजा पुसला, आजा पुसला, बाबा पुसले. माझं वर्तुळ मी सगळ्यात आधी पुसलं, ते मात्र चांगलं आठवतं. जीप गेली. परत कुणी आलं नाही.

बाबांना गावानं फार काही केलं नाही. गाव दारुड्यांवर तसं मायाच करतं. "काय गा मिस्त्री, आज किती?" असं विचारून लोक हसायचे आणि बाबाही हसायचे. मंडळानं त्यांना विहारात मागं बसायला लावलं. माझं लग्न झालं. मुलाकडच्यांनी एवढंच विचारलं, की तुमचे मिस्त्री घेतात म्हणे, आणि आई म्हणाली, हो, घेतात, मान्साले एखादी खोड राह्यतेच. ते हसून म्हणाले, घरोघरी मातीच्या चुली.

मी चाळिशीची झाले तेव्हा रोज सकाळी दार लावून फरशीच्या जोडरेघेवरून चालून बघायची. पन्नाशी झाली. साठी झाली. माझे पाय सरळ पडतात. नशीब म्हणा, निम्म्या शक्यतेची चांगली बाजू म्हणा, माझं वर्तुळ रिकामंच होतं. माझ्या रक्तात लपवण्यासारखं काही नव्हतंच, आणि ते लपवण्यासाठी माझ्या बापानं स्वतःचं नाव मातीत घातलं. केनवडच्या चुलत घरात मात्र पुढे एक माणूस तसा चालायला लागला, मग त्याची मुलगी. त्यांनाही लोक पितात म्हणाले. मुलगी कशी पीत असेल असा विचार कुणी केला नाही. मी त्यांच्याकडे एकदा गेले आणि चहा पिऊन परत आले. सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

एवढं सगळं लिहिलं ते खरं तर त्या एका पौर्णिमेसाठी. जीप गेली त्यानंतरची ती पहिली. मी सुट्टीवर आले होते आणि वाशीमहून होणारे सासरचे लोकही वंदनेला आले होते. बाबा सगळ्यात मागं, दाराजवळ बसले होते. शीलं सुरू झाली. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला माझ्या कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि मी मागं वळून पाहिलं. बाबांचे हात जोडलेले होते, तोंड घट्ट मिटलेलं होतं. खोटं बोलणार नाही, एवढंच ते म्हणत नव्हते. मग पाचवं आलं, आणि त्या अडखळत्या, जड जिभेनं ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की पुढच्या रांगेतली माणसं मागं वळली. दारुड्या दारूचंच शील ओरडून म्हणतो ह्याची सगळ्यांना गंमत वाटली. माझे होणारे सासरेसुद्धा हसले.

पुढं बाबा नऊ वर्षं जगले आणि दर पौर्णिमेला चौथं शील त्यांनी वगळलं. आपण ते मोडलंय, म्हणून म्हणायचा हक्क नाही, असं त्यांचं गणित होतं. पाचवं मोडलं नव्हतं, म्हणून म्हणायचे. विहारात हे समजणारी एकटी मीच होते. आणि त्या दिवशी सासरची माणसं ऐकत होती, म्हणून मी पाचही शीलं म्हटली, चौथंसुद्धा, न अडखळता.